ताजमहालाच्या यादीत चौलही हवे

मा. संपादक,

फेब्रुवारीत प्रेमस्थळांच्या याद्या छापून येतात. ताजमहाल हटकून असतो, आपल्या मुंबईसमोरच्या किनाऱ्यावरचे, अलिबागजवळचे चौल मात्र कधीच नसते. रोमचा प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले 1623 मध्ये सुरत, दमण करत चौलला उतरला आणि पुढे गोव्याला गेला, तेव्हा त्याच्या सामानात पत्नीची शवपेटी होती. बगदादला 1616 मध्ये त्याने सित्ती मआनीशी लग्न केले होते. इंग्रज-इराणी मोहिमेमुळे भारताकडे येण्याची होर्मुझ बेटावरची वाट बंद झाली, दोघे दक्षिण इराणातल्या मिनाबच्या रोगट किनाऱ्यावर अडकले आणि डिसेंबर 1621 मध्ये ती तापाने गेली. कापूर भरून टिकवलेला देह त्याने 1626 मध्ये रोमच्या आराचेली चर्चमध्ये पुरला. खलाशांना जहाजावर मृतदेह चालत नसे, बंदरोबंदी जकातवाल्यांची झडती असे. पेटी लपवूनच न्यावी लागे.

ही वाट धरायची तर पावसाळा टाळावा. गलबतेही तेव्हा नांगरूनच असत. गेटवेहून मांडव्याच्या लहान बोटी पावसाळ्यात बंद असतात, भाऊच्या धक्क्यावरून वाहनेही नेणारी रो-रो बोट आहे. मांडवा ते अलिबाग सुमारे 20 किमी, पुढे रेवदंडा सुमारे 17. बरेच जण चौलची देवळे पाहून परततात आणि तिथेच चुकतात. ते वरचे, निजामशाही चौल. पोर्तुगीजांचे चौल म्हणजे आजचा रेवदंडा: तट, पडक्या चर्चच्या भिंती, सातखणी मनोरा. कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लईला जावेच. गावात पोर्तुगीज वळणाची बोली अजून बोलली जाते.

तारखा जुळवणाऱ्यांनी सांभाळावे. पिएत्रो नव्या, ग्रेगोरियन गणनेने लिहितो; सुरतेच्या वखारीतले इंग्रज जुन्या, ज्युलियन गणनेने. दोन्हींत दहा दिवसांचा फरक पडतो.

त्याच्या भारतातल्या पत्रांत विरहाचे उसासे शोधणाऱ्यांची मात्र निराशा होईल. तिथे वारा, चालीरीती, देवळांचे आराखडे आहेत. आमच्या मते त्याचे प्रेम त्या पेटीच्या वाहतुकीतच आहे, आणि ते ताजमहालापेक्षा कमी खर्चाचे असले तरी कमी कष्टाचे नाही. निघण्यापूर्वी त्याने कर्नाटकातल्या इक्केरीहून नोव्हेंबर 1623 मध्ये लिहिलेले पत्र जरूर वाचावे. सती जायला निघालेल्या एका बाईला तो तिथे भेटतो, हे तुझ्या मर्जीने का, असे विचारतो. पतीमागे जळणारी ती, आणि पत्नीला घेऊन समुद्र ओलांडणारा हा.

— एक वाचक, दादर, मुंबई