ट्रॅकर घेतला तरी बिल्ला हवाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की 'कुत्रा हरवला आहे' असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. सुतळी बॉम्ब फुटतो, कुत्रं मागे ओढ घेऊन पट्ट्यातून मान सोडवतं आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटतं. याच दिवसांत जीपीएस ट्रॅकरच्या जाहिरातीही वाढतात. 'ट्रॅकर घेतलाय, मग बिल्ला कशाला?' असं आमच्या पशुदवाखान्यात रोज कुणी ना कुणी विचारतं, म्हणून हे पत्र.

कुत्रं कुठे आहे हे ट्रॅकर मालकाला सांगतो. ज्याला कुत्रं सापडलं त्याला ते कुणाचं हे सांगतो तो पट्ट्याला लावलेला, फोन नंबर कोरलेला बिल्ला. कुत्रं आधी पोचतं ते शेजारच्या इमारतीच्या वॉचमनकडे, टपरीवाल्याकडे, दूध टाकणाऱ्या मुलाकडे. त्यांच्याकडे तुमचं ॲप नसतं, पण फोन असतो. गळ्यात नंबर दिसला तर दहा मिनिटांत फोन येतो. म्हणून पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते बिल्ल्यावर घाला.

ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात स्टेनलेस स्टीलचा बिल्ला शंभर-दोनशे रुपयांत कोरून मिळतो. छापील बिल्ला घेऊ नका. भांड्यावर, फरशीवर घासून सहा महिन्यांत अक्षरं उडतात. ॲल्युमिनियमही लवकर झिजतं. मोठ्या कुत्र्याला तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, लहान्याला दोन-अडीचचा पुरतो. एका बाजूला 'फोन करा' आणि दोन वेगळ्या माणसांचे मोबाइल नंबर कोरा, कारण कुत्रं शोधायला धावलेल्या माणसाचाच फोन नेमका बंद पडतो. अंक इंग्रजीत ठेवा, म्हणजे परप्रांतीय वॉचमनलाही वाचता येतील. कुत्र्याचं नाव नसलं तरी चालेल. जागा उरली तर औषध चालू असल्याचं लिहा. फिट येणाऱ्या कुत्र्याला ते फार उपयोगी पडतं.

बिल्ला हरवतो तो बहुतेक वेळा कडीमुळे. एस आकाराचा आकडा दोन-चार झटक्यांत उघडतो. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दोन वेढ्यांची स्टीलची कडी लावा आणि महिन्यातून एकदा नखाने वेढा उचलून बघा. सहज फाकला तर कडी बदला. बिल्ला जाळीत अडकवून घेणाऱ्या कुत्र्याला लोंबता बिल्ला नकोच. पट्ट्यावर रिव्हेटने बसवलेली चपटी पट्टी बरी. घाबरलेलं कुत्रं कुणाला जवळ येऊ देत नाही, त्याचा बिल्ला वाचणार कोण? त्यासाठी नंबर पट्ट्यावरच मोठ्या अक्षरांत भरतकामाने काढून घ्या. दोन मीटरवरून वाचता येतो.

क्यूआर कोडचे बिल्लेही निघाले आहेत. मुंबई विमानतळाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात २०२३ मध्ये असे बिल्ले बांधले गेले, आणि लसीकरणाच्या नोंदीसाठी ती कल्पना चांगलीच आहे. पण ओरखडे पडले की कोड वाचला जात नाही, आणि सेवा देणारी कंपनी बंद पडली तर कोडमागे काहीच उरत नाही. कोडखाली साधा नंबर असू द्या.

पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जातील इतकीच सैल जागा ठेवा. पॉमेरेनियनसारख्या केसाळ कुत्र्याचं माप केस बाजूला करून घ्या. कारवान किंवा मुधोळ कुत्र्याची मान जवळजवळ डोक्याएवढीच असते, साधा पट्टा एका झटक्यात निघतो. फिरायला नेताना त्यांना मार्टिंगेल पट्टा घाला. ओढ बसली की तो ठरावीक मापापर्यंतच आवळतो. घरी आल्यावर तो काढा, कारण कुठे अडकला तर गळफास बसू शकतो. बिल्ल्याचा साधा पट्टा मात्र गळ्यात राहू द्या.

आता ट्रॅकर. खरा जीपीएस ट्रॅकर उपग्रहांवरून जागा ओळखतो आणि मोबाइल नेटवर्कवरून ती कळवतो. म्हणजे त्याला सिम लागतं, रिचार्ज लागतो, चार्जिंग लागतं. स्वस्तात मिळणाऱ्या 'जीपीएस पेंडंट'मध्ये सिमची सोय नसेल तर ते ब्लूटूथ आहे, मोकळ्या जागीही फार लांबवर चालणार नाही. खऱ्या ट्रॅकरची बॅटरी एरवी काही दिवस पुरते, पण सतत जागा दाखवणारा लाइव्ह मोड चालू केला की काही तासांत संपते. बेसमेंटमध्ये, दाट इमारतींच्या बोळात तो चुकतो; नेटवर्क नसलेल्या घाटात शेवटची जागा दाखवून गप्प बसतो. ॲपमध्ये घराभोवती सीमा आखता येते, कुत्रं ती ओलांडून गेलं की फोनवर सूचना येते; ती फार लहान ठेवली तर खोट्या सूचना येत राहतात, आणि मग माणूस खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष करतो. फटाक्यांच्या आदल्या दिवशी तो पूर्ण चार्ज करा, रिचार्जची तारीख पाहा, स्वतः खिशात घालून चौकापर्यंत चालून तपासा.

ॲपलच्या एअरटॅग या छोट्या ब्लूटूथ चकतीला सिम लागत नाही, पण आसपास ॲपलचा फोन असेल तरच त्याची जागा कळते. पुण्या-मुंबईच्या गर्दीत ते जमतं. गावाकडच्या शेतरस्त्यावर आशा धरू नका. त्यातला बटणासारखा सीआर२०३२ सेल कुत्र्याने चावून गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजते. उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा.

मायक्रोचिपविषयीचा गैरसमज सगळ्यात मोठा आहे. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली असते. तिला बॅटरी नाही, ती जागा सांगत नाही. गाईम्हशींच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्यासारखीच ती, फक्त १५ अंकी आणि अदृश्य. मोबाइल ती वाचू शकत नाही, १३४.२ किलोहर्ट्झचा स्कॅनर लागतो. पण पट्टा गळून पडला किंवा कुणी मुद्दाम काढला तर हाच पुरावा उरतो. तुमचा फोन नंबर बदलला की चिपच्या नोंदीतही तो बदला. युरोपीय संघातल्या देशात कुत्रं न्यायचं असेल तर आधी चिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधीची लस धरत नाहीत, आणि तिकीट काढल्यावर हे कळलं की महिने जातात.

महापालिकांना आमची विनंती आहे: परवान्यासोबत कोरलेला धातूचा बिल्ला द्या. नसबंदी केंद्रात आणलेलं प्रत्येक कुत्रं आधी स्कॅन करा. चिप कधी कधी सरकून खांद्यावर, पायाकडे जाते, म्हणून स्कॅनर सगळ्या अंगावरून सावकाश फिरवावा.

वसुबारसेच्या आठवड्यात कोरीवकामाच्या दुकानांत गर्दी असते. बिल्ला त्याआधीच करून घ्या, आणि तो हातात येईपर्यंत पट्ट्याच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने नंबर लिहून ठेवा.

आपले,
पुण्यातील काही पशुवैद्यक