जामीन मंजूर झाल्यानंतरचं कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला ‘अटक झाल्यास घाबरू नका’ हा सल्ला वाचला. घाबरू नका हे ठीकच. पण हा सल्ला १ जुलै २०२४ च्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू होण्याच्या आधीचा आहे, एवढं तरी वर छापायचं होतं. ‘पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच मिळते’ असं लेखकमहाशय ठासून सांगतात. या संहितेच्या कलम १८७ प्रमाणे ते १५ दिवस आता तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. ज्या गुन्ह्यात आरोपपत्राला ६० दिवस मिळतात त्यात पहिल्या ४० दिवसांत, ९० दिवस मिळतात त्यात पहिल्या ६० दिवसांत. तेव्हा एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला म्हणून घरच्यांनी निर्धास्त होऊ नये. अटकेऐवजी पोलिसांपुढे हजर राहायला सांगणारी, जुन्या कायद्यातली ‘४१-अ ची नोटीस’ही आता ३५(३) ची झाली आहे.

अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं हे लिहिलंत, पण घड्याळ कधी सुरू होतं ते गाळलंत. प्रवासाचा वेळ त्यातून वजा होतो. शिवाय रात्री उचलून सकाळी अटक दाखवली की मधले तास ‘चौकशीला बोलावलं होतं’ या नावाखाली जातात. नातेवाइकांनी त्याच वेळी पोलीस ठाण्याला आणि वरिष्ठांना दोन ओळींचा ईमेल पाठवावा. रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडी मागायला कोर्टात आणतात तेव्हा, तो दाखवता येतो. अटकेची कारणं आरोपीला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, आणि लगेच जमलं नाही तरी रिमांडला हजर करण्याच्या किमान दोन तास आधी, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या अपघात प्रकरणात सांगितलं आहे. ती बातमी तुम्हीही छापली असेलच.

असो. संताप आला तो ‘जामीन मंजूर होताच आरोपी त्याच संध्याकाळी घरी’ या वाक्याचा. कुठल्या कोर्टात? ‘२५ हजारांचा जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं हमीपत्र) व तितक्याच रकमेचा एक जामीनदार’ असा हुकूम झाला की खरी वणवण सुरू होते. जामीनदाराचा आधार, रेशनकार्ड, फोटो, पगारपत्रक किंवा सातबारा लागतो. सातबारा सामाईक असेल तर याचा हिस्सा किती म्हणून विचारतात. ‘इतर हक्कां’त सोसायटीचा बोजा दिसला की संपलंच. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, की प्रतिज्ञापत्र आणा. काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात आणि तो यायला आठवडे जातात. जामीनदार बीडचा आणि कोर्ट ठाण्याचं असेल, तर ‘स्थानिक आणा’. एकच सातबारा दहा खटल्यांत फिरवणारे धंदेवाईक जामीनदार आहेत, म्हणून कोर्टं कडक होतात हे मान्य. पण त्याचा भुर्दंड बिगारी कामगाराने का भरायचा? दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारू नका, हे मोतीराम खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच सांगितलंय!

उपाय आहेत, तेच छापायला हवे होते. वकिलाने मंजुरीच्या वेळीच तात्पुरता रोख जामीन मागावा, म्हणजे पैसे भरून माणूस बाहेर येतो आणि जामीनदार आणायला काही आठवडे मिळतात. रक्कम झेपत नसेल तर कलम ४८४ खाली सेशन्स कोर्टातून कमी करून घेता येते. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर आरोपी निर्धन धरून जातमुचलक्यावर सोडायचा असतो (कलम ४७८). जामीन होऊन सात दिवसांत सुटका नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर कोर्ट आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं, असे सुप्रीम कोर्टाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. अधीक्षक कळवत नसेल तर नातेवाइकांनी स्वतः प्राधिकरणात अर्ज टाकावा. आणि रोख भरण्याआधी, दुसऱ्या गुन्ह्यात हजेरी वॉरंट (कैद्याला हजर करा असा दुसऱ्या कोर्टाचा हुकूम) पडून आहे का, हे तुरुंगात विचारून घ्यावं. नाहीतर पैसे कोर्टात आणि माणूस आतच.

एवढं करूनही कागद वेळेत पोचावा लागतो. २०२१ मध्ये एका बड्या नटाच्या मुलाला हायकोर्टाने २८ ऑक्टोबरला जामीन दिला, २९ ला कागद आर्थर रोड तुरुंगाच्या जामीनपेटीत वेळेत पडला नाही, आणि तो ३० ला बाहेर आला. त्याच्याकडे वकिलांची फौज होती. बाकीच्यांचं काय होत असेल ते तुमच्या सल्लागारांना विचारा.

जाता जाता आणखी एक. अशा प्रत्येक मजकुरासोबत तुम्ही बेड्या घातलेल्या हातांचं चित्र टाकता. सरसकट बेड्या घालता येत नाहीत. सराईत आरोपी, कोठडीतून पळालेला आणि खून, बलात्कार, दहशतवाद अशा ठरावीक गुन्ह्यांसाठीच बेड्यांची मुभा देणारं, त्याच संहितेचं कलम ४३(३) आहे. तुमचं चित्र मात्र चेक न वटल्याच्या बातमीलाही असतं.

आपला,
एक फौजदारी वकील, ठाणे