नागपुरातल्या लकडगंजच्या सुतारकाकांना, आत्याच्या पेटीसाठी

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर फक्त फोन घेता आणि ठेवता हे माहीत आहे मला, म्हणून हे तुमच्या नातवाला पाठवून राहिली, तो वाचून दाखवेल. आणि सगळ्यांना दिसेल असं मुद्दाम लिहिते कारण तुम्ही पेटीचे पैसे घेतले पण शिकवल्याचे घेतले नाहीत, आभार मानायला लागली तर "जाऊ दे वं पोरी" म्हणून रंधा उचलला आणि कामाला लागले.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमच्या आत्याची साठी होती. साडी, अंगठी हे सगळं बाकीचे देणारच होते. आत्याकडे आयुष्यभराच्या रेसिपी चिठ्ठ्यांवर लिहिलेल्या आहेत, सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर), गोळाभात, पाटोडीचा रस्सा, अंबाडीची भाजी, कोणती लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला तर कोणती किराणाच्या यादीखाली, आणि हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. त्यासाठी लाकडाची साधी पेटी घ्यायची आणि आपल्या हातानं सजवून द्यायची एवढंच माझ्या डोक्यात होतं, चारही बाजूंनी रंग, वर लेस, आरसे, सगळं काही.

तुम्ही पहिला प्रश्न केला, "पेटीत ठेवणार काय?" मी चिठ्ठ्या म्हटलं तसं तुम्ही सागवानाच्या उरलेल्या फळ्यांतली पेटी काढली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "आतून काईच लावू नोको. रंगाचा वास कागदाले धरते." मग एक चिठ्ठी मागून घेतली, आडवी ठेवून पाहिली, दुमडावी लागत नाही ना ते बघितलं. काका, खरं सांगू, पुढची सगळी पेटी त्या एका प्रश्नातून झाली. सजावट कशी दिसेल हे सगळेच विचारतात, पेटी कोणाच्या कामाची हे तुम्ही विचारलं.

त्यानंतर तुम्ही जे सांगत गेले ते मी वहीत लिहून घेतलं. ओल्या फडक्यानं पेटी पुसायची, लाकडाचे रेशे फुगून वर येऊ द्यायचे, सुकलं की २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचं, तेही रेश्याच्या दिशेनं, आडवं नाही. हे आधी केलं नाही तर पाण्याचा रंग लावल्यावर तेच रेशे उभे राहतात आणि रंग खरखरीत होतो. मग स्पिरिटचं फडकं, कारण सागवानात तेल असतं आणि तेलावर रंग, गोंद नीट धरत नाही. मग चपडीचा पातळ हात. ही चपडी म्हणजे लाखच, पळस, बोर, कुसुमाच्या झाडांवर किडे बनवतात ती, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. आपल्या विदर्भात पळस इतका आणि मला हे तुमच्या दुकानात बसून कळलं.

मे महिना होता, घरात कुलर चोवीस तास. तुम्ही बजावून सांगितलं होतं की चपडी कुलरसमोर नको, त्या हवेत ओलावा असतो आणि चपडी पांढुरकी पडते. म्हणून मी सकाळी सकाळी गच्चीवरच्या खोलीत काम केलं, ऊन चढायच्या आत. तीन हात दिले, मधे ३२० चा पेपर हलकाच फिरवला. काय रंग आला सागवानाला, मधासारखा.

आणि तो रंग पाहूनच तुम्ही म्हणाले ते पटलं, "सजावट झाकणावर कर, बाजू लाकडाच्याच राहू दे." माझा आधीचा प्लॅन मी सोडून दिला आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

झाकणावर आत्याचंच अक्षर लावलं. चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स काढल्या, अस्सल चिठ्ठ्या आत. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी पावडरवाल्या मशीनचीच झेरॉक्स घ्या, शाईच्या प्रिंटरची शाई गोंदाच्या पाण्यानं बहुतेक वेळा पसरते. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून कागद चिकटवला आणि तिथेही काकांचीच युक्ती, सनमायका बसवताना मधून बाहेर दाबत नेतात म्हणजे हवा अडकत नाही, तसंच कागदाचं. एक सुरकुती नाही आली. भोवतीनं करवतकाठी साडीसारखी काठ रंगवली, ती आपल्याकडची टसरची साडी असते ना, काठाला करवतीसारखे दात असलेली, आत्याकडे तिच्या लग्नातली एक आहे. मास्किंग टेप कापून दात पाडले, गडद लाल अ‍ॅक्रिलिक रंग, आणि सगळं पूर्ण सुकल्यावर झाकणाच्या वरच्या भागाला पाण्याचं वॉर्निश.

पितळी बिजागऱ्या इतवारीतून आणल्या. त्या बसवायला मी तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही स्वतः बसवून दिल्या असत्या तर पाच मिनिटांचं काम होतं, बाहेर दरवाज्याचं गिऱ्हाईक उभं होतं, तरी तुम्ही ड्रिल माझ्याच हातात दिली. "तुयी आत्या हाय ना, मंग तूच लाव." आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढायचा आणि मग मेण लावून पितळेचा, कारण पितळ नरम, सागवानात जोर दिला की डोकंच तुटतं. तुम्ही फक्त झाकण धरून उभे होते. झाकणाला बारीकशी फट ठेवायला लावली, म्हणाले पावसाळ्यात लाकूड फुगते, तेव्हा समजेल.

समजलं काका. जुलैची झड लागली, घरातली कपाटं अडकायला लागली, आत्याच्या पेटीचं झाकण तसंच सहज उघडतं. तिनं स्वतः फोन करून सांगितलं.

साठीच्या दिवशी आत्यानं पेटी हातात घेतली आणि झाकणावरचं स्वतःचं अक्षर वाचत बसली. मग तिनं बाजूच्या लाकडावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे सागवान कोणी घासलं गं इतकं?" मी म्हटलं घासलं मी, पण हात लकडगंजच्या काकांचा. तेव्हापासून तिला तुम्हाला भेटायचं आहे. चहाचा गरम कप पेटीवर ठेवू नको, चपडीला पांढरा डाग पडतो, हा तुमचा निरोपही दिला, ती आता कोणाला पेटीच्या जवळही कप आणू देत नाही.

थंडीत सांबार स्वस्त झाला की ती सांबारवडीचा डबा घेऊन दुकानात येणार आहे, मी सोबत असणारच. तेव्हा मात्र जाऊ दे वं म्हणू नका, डबा काकूंसाठीही असेल. आणि मला मोठ्या मापाची अजून एक पेटी लागणार आहे, आईच्या फोटोंसाठी, सागवानाचे तुकडे उरले तर बाजूला ठेवा.

तुमची,
आत्याच्या पेटीवाली