पाडव्याच्या त्या रात्रीसाठी, काका

तीर्थस्वरूप काका व सौ. काकूंना साष्टांग नमस्कार, वि. वि.

२०२५ च्या पाडव्याला, ३० मार्चला, अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या ऑबर्नने अटलांटात मिशिगन स्टेटला ७०-६४ असं हरवलं आणि सहा वर्षांनी पुन्हा फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांची फेरी, गाठली. पुण्यात तेव्हा पहाटेचे पाच वाजत आले होते. मी फोन लावायच्या आत तुमचाच आला. तुम्ही बोलला काहीच नाहीत, नुसते हसत होतात. मागून काकूंचा आवाज आला, "विचारा त्याला, गुढी उतरवली का?" आणि मी थेट २०१९ च्या पाडव्याला तुमच्या ऑबर्नशेजारच्या ओपलायकाच्या घरात जाऊन बसलो.

त्या रात्रीचे आभार मी आजवर मानले नाहीत. घरच्या माणसांचे आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून राहून गेलं. आज मानतो, आणि सगळ्यांना वाचता येईल असे मानतो.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. २०१६ मध्ये मी पोल्ट्री सायन्सच्या पीएचडीसाठी सांगलीहून अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात आलो. गाव लहान, आणि जीव सगळा फुटबॉलवर. पुरुषांचा बास्केटबॉलचा संघ २००३ नंतर थेट २०१८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पोचला, म्हणजे मधली चौदा वर्षं स्पर्धेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण विद्यार्थ्यांना अरीनात बसायला मिळायचं, हॉल जेमतेम नऊ हजारांचा, आणि दिवसभर कोंबड्यांच्या खाद्याचे नमुने दळून आल्यावर त्या आवाजात उभं राहिलं की परक्या गावात एकटं असल्याचं विसरायला व्हायचं. पहिल्या हिवाळ्यात मला तिथे फक्त घोषणा येत होत्या. दुसऱ्या हिवाळ्यात प्रत्येक खेळाडूची चाल ओळखू यायला लागली. तिसऱ्या हिवाळ्यात तो संघ माझा झाला होता.

आणि तो तिसरा हिवाळा म्हणजे २०१९! कॅन्सस, नॉर्थ कॅरोलिना, केंटकी. ज्यांच्या भिंतींवर जुन्या विजेतेपदांचे झेंडे लटकतात असे तीन संघ आम्ही ओळीने हरवले. नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध आमच्या चुमा ओकेकेच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. दोनच दिवसांनी केंटकीविरुद्धच्या सामन्याला तो चाकाच्या खुर्चीत बसून आला, आणि पोरांनी तो सामना ओव्हरटाइममध्ये ७७-७१ असा काढला. पुरुषांच्या संघाच्या इतिहासातली पहिली फायनल फोर. त्या रात्री टूमर्स कॉर्नरच्या झाडांवर अख्ख्या गावाने टॉयलेट पेपरचे रोल फेकले. तिथली जिंकल्यावरची रीतच ती. माझ्या डोक्यावर, खांद्यावर पांढऱ्या पट्ट्या लोंबत होत्या आणि एक अनोळखी म्हातारी बाई माझा हात धरून रडत होती.

६ एप्रिलला शनिवार होता, पाडवा होता, आणि मिनीआपोलिसला व्हर्जिनियाशी उपांत्य सामना होता. आम्हा पाचसहा मराठी पोरांना तुम्ही जेवायला बोलावलंत. काकूंनी व्हरांड्याच्या कठड्याला गुढी बांधली होती. काठी रंगाऱ्याच्या रोलरची, वर सासूबाईंचं हिरवं खणाचं कापड, पालथा तांब्या, अटलांटाहून आणलेली साखरेची गाठी. कडुलिंब तिकडच्या थंडीत टिकत नाही, म्हणून मागच्या कुंपणावरच्या बकाण निंबाची डहाळी बांधलेली. "दिसायला तोच, पण तोंडात घालू नका रे, विषारी असतो," हे काकू प्रत्येकाला बजावत होत्या. श्रीखंड दोन दिवस टांगलेल्या चक्क्याचं. सामना पाचच्या सुमारास सुरू झाला, आणि पुऱ्या तळायच्या की बघायचं या ओढाताणीत काकू झारा हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

शेवटची पाच मिनिटं मला आजही पाठ आहेत. आम्ही दहा गुणांनी मागे, ४७-५७. मग सलग चौदा गुण आमचे, एकही त्यांचा नाही. ६१-५७. आमच्या ब्राइस ब्राउनचा तीन गुणांचा तिसरा चेंडू पडला तेव्हा तुम्ही सोफ्यावरून उठून उभे राहिलात आणि परत बसलाच नाहीत. त्यांच्या काइल गायने तीन गुण मारले, ६१-६०. आमच्या जेरेड हार्परला फाउलबद्दल दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे फेके. एक पडला, एक नाही. ६२-६०. काही सेकंद उरलेली.

मग त्यांचा टाय जेरोम चेंडू घेऊन धावत आला. चेंडू त्याच्याच पायाला लागून सुटला, त्याने तो दोन्ही हातांनी पकडला आणि पुन्हा टप्पा मारून निघाला. हे डबल ड्रिबल. चेंडू एकदा दोन्ही हातांत धरला की पुन्हा टप्पा मारायचा नाही, मारला तर चेंडू समोरच्याचा. शिट्टी वाजली नाही. आम्ही फाउल केला, दीड सेकंद उरलं. चेंडू कोपऱ्यात गायकडे गेला, त्याने उडी मारून फेकला, हुकला. आम्ही पाचसहा जण एकमेकांच्या अंगावर पडलो होतो, आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. आमच्या समीर डाउटीचा फाउल. ०.६ सेकंद शिल्लक, तीन फ्री थ्रो. पहिला पडला. दुसरा पडला. आमचा टाइमआउट. तिसराही पडला. ६३-६२.

कुणी बोललं नाही. काकू व्हरांड्यात गेल्या, दिवस मावळतच होता, गुढीला हळदकुंकू वाहून त्यांनी ती उतरवली. काचेच्या दारातून त्यांना तांब्या पुसताना पाहिल्याचं मला आठवतं. बाकीची पोरं एकेक करून निघून गेली. मी तिथेच जमिनीवर बसून फोनमध्ये शोधत होतो. त्या तीन रेफ्रींपैकी एकाचं नाव, गाव, कामाचा पत्ता. सापडलंही. ईमेल लिहायला घेतली. काय लिहिलं होतं ते इथे सांगण्यासारखं नाही. माझ्या आईने ते वाचलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.

तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहिलात. फोन हिसकावला नाहीत. "खेळ आहे रे, सोडून दे" असंही म्हणाला नाहीत, आणि काका, याचे आभार मला सगळ्यात आधी मानायचे आहेत. तोवर तीन जणांनी मला तेच ऐकवलं होतं, आणि प्रत्येक वेळी वाटलं होतं की माझ्या घरातलं माणूस गेलंय आणि लोक हवापाण्याच्या गप्पा मारतायत. तुम्ही म्हणालात, "पाठव हवं तर. पण आधी परत बघू. दोघं मिळून." आणि स्टूल ओढून टीव्हीला नाक लागेल एवढ्या जवळ बसलात.

तुम्ही अठरा वर्षं शनिवारी सकाळी चर्चच्या जिममध्ये लहान मुलांच्या सामन्यांना रेफ्री म्हणून उभे राहत होतात, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ त्या रात्री कळला. रेकॉर्डिंग तुम्ही एकेक चौकट पुढे सरकवत नेलंत. चेंडू टाचेला लागला, थांबवलंत. दोन्ही हात चेंडूवर, थांबवलंत. पुढचा टप्पा, थांबवलंत. बोट काचेवर ठेवून म्हणालात, "हे चुकलं. शंभर टक्के चुकलं. तुझा राग खरा आहे." मग सांगितलंत की समोरच्याचा हात चेंडूला लागला असता तर हे चाललं असतं, कदाचित त्यांना तसं वाटलं असेल. आणि डबल ड्रिबल व्हिडिओ पाहून ठरवायच्या गोष्टींमध्ये बसत नाही, त्यामुळे एकदा शिट्टी राहिली की राहिली. मी तेव्हा रडलो. कुणीतरी जाणत्या माणसाने "चुकलं" म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. पुढचं लावलंत आणि म्हणालात, "आणि हे बरोबर आहे."

मी भांडलो. शेवटच्या सेकंदाला असा फाउल कोणी देतं का, वगैरे सगळं बोललो. तुम्ही वाद घातला नाहीत. टीपॉय बाजूला सरकवलात, मला हॉलच्या मध्ये उभं केलंत, हातात सोफ्यावरची उशी दिलीत. "फेक. उडी मारून फेक." मी उडी मारली, आणि मी हवेत असताना तुम्ही अर्धं पाऊल पुढे सरकलात, नुसतं अर्धं. खाली येताना माझा पाय तुमच्या पावलावर पडला, घोटा मुरगळता मुरगळता राहिला, आपण दोघंही शोकेसवर आपटलो. काकू आतून ओरडल्या, "अहो, सत्तरीला आलात!" तुम्ही पाय चोळत म्हणालात, "हवेत गेलेल्या माणसाला खाली यायला जागा लागते. ती घेतली की फाउल. पहिल्या मिनिटाला असो नाहीतर शेवटच्या."

मग तुम्ही न्यू मेक्सिको स्टेटची आठवण काढलीत. सोळा दिवसांपूर्वी, पहिल्याच फेरीत, आम्ही दोन गुणांनी पुढे असताना शेवटच्या क्षणी आमच्याच ब्राइस ब्राउनने तीन गुणांचा चेंडू फेकणाऱ्याला फाउल केला होता. त्यालाही तीन फ्री थ्रो. त्याचा एकच पडला आणि आम्ही ७८-७७ असे वाचलो. "तो पोरगा त्या रात्री झोपला असेल का रे?" एवढंच विचारलंत. मला त्या पोराचा चेहरा आठवेना. मी त्या संध्याकाळी नाचत होतो.

दोन वर्षांपूर्वी केंटकी हरल्यावर त्यांच्या काही चाहत्यांनी एका रेफ्रीच्या धंद्याच्या फोनवर शिव्या आणि धमक्यांचा पाऊस पाडला होता, तेही तुम्ही सांगितलंत, आणि भांडी लावायला काकूंच्या मदतीला निघून गेलात. फोन माझ्याच हातात होता. ईमेल मी पुसली. काकूंनी माझी श्रीखंडाची वाटी फ्रीजमध्ये झाकून ठेवली होती. रात्री अकराला ती मी ओट्याशी उभ्यानेच खाल्ली. तुम्ही शेजारी उभे राहून हार्परचा दुसरा फ्री थ्रो पडला असता तर काय झालं असतं याचा हिशेब करत होतात, अगदी माझ्याइतकेच हळहळत.

त्याच रात्री आमचे तेव्हाचे प्रशिक्षक ब्रूस पर्ल पत्रकारांसमोर शांतपणे बोलले, सामन्याचा निकाल एका शिट्टीवर टाकला नाही. ज्याचं खरंच नुकसान झालं होतं तो माणूस असा उभा राहिलेला पाहिला, आणि त्याआधी तुम्हाला पाहिलं होतं, म्हणून मला ते समजलं. दोन दिवसांनी व्हर्जिनियाने टेक्सास टेकला ओव्हरटाइममध्ये हरवून स्पर्धा जिंकली. आदल्या वर्षी हाच संघ पहिल्या मानांकनाचा असूनही सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून पहिल्याच फेरीत हरला होता. पुरुषांच्या स्पर्धेत असं पूर्वी कधी झालं नव्हतं. अंतिम सामना मी बघितला. टाळ्या वाजवल्या नाहीत, पण बघितला.

त्या डिसेंबरात तुम्ही मला शनिवारी सकाळी जिममध्ये नेलंत. आधी घड्याळाच्या टेबलाशी बसवलंत, जानेवारीत गळ्यात शिट्टी घातलीत. काळी, जुनी, दातांच्या खुणा असलेली. नऊ-दहा वर्षांची पोरं. माझ्या पहिल्याच सामन्यात एका मुलीने चेंडू धरून पुन्हा टप्पा मारला, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी शिट्टी वाजवली नाही. तिची पाठ माझ्याकडे होती, मधे दोन पोरं होती, आणि मला खात्री वाटेपर्यंत ती पुढे निघून गेली होती. एक वडील बाकावरून ओरडले. माझे कान तापले. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही दुसऱ्या बास्केटखाली उभे होतात, आणि फक्त मान हलवलीत, पुढे चालू दे म्हणून.

काका, मी आता जॉर्जियात राहतो, नोकरी करतो, आणि हिवाळ्यातले शनिवार अजून त्या शिट्टीचे आहेत. गेल्या जानेवारीत एका बारा वर्षांच्या पोराला मी शेवटच्या मिनिटाला फाउल दिला, तोच, हवेतल्या माणसाची जागा घेतल्याचा. सामना संपल्यावर तो रागाने लाल होऊन माझ्याकडे आला. मी त्याला उशी दिली नाही, चेंडूच दिला, आणि म्हटलं, "उडी मार." त्याची आई बाजूला उभी राहून बघत होती.

२०२५ च्या फायनल फोरमध्ये, पाच एप्रिलला सॅन अँटोनिओत, आपण फ्लोरिडाकडून ७३-७९ असे हरलो. मध्यंतराला आठ गुणांनी पुढे होतो, मग वॉल्टर क्लेटनने एकट्याने चौतीस गुण केले. तेव्हा पुण्यात उजाडायचं होतं तरी तुम्ही जागेच होतात. फोनवर पहिला प्रश्न विचारलात, "शिट्ट्या कशा होत्या?"

"बरोबर होत्या, काका."

"हं," म्हणालात, आणि मग आपण बराच वेळ काही बोललो नाही. काकूंनी फोन घेतला आणि जेवलास का विचारलं.

डिसेंबरात सांगलीला येतोय, तेव्हा दोन दिवस पुण्यात तुमच्याकडे आहे. काकूंना सांगा, चक्का मीच टांगेन. तुमच्या गुडघ्याला आता उड्या चालायच्या नाहीत, पण २०१९ च्या त्या सामन्याचं रेकॉर्डिंग मी जपून ठेवलंय, ते घेऊन येतो. हार्परच्या त्या दुसऱ्या फ्री थ्रोबद्दल आपलं बोलणं अर्धवट राहिलं आहे.

दोघांना पुन्हा साष्टांग नमस्कार.

तुमचा,
सांगलीकर