वॉलपेपर लावून मग बोलणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

तुमच्या निरोपसमारंभात भाषणांत सगळं येऊन गेलं: ताळेबंद, वक्तशीरपणा, चहाचं उधारखातं. माझ्या फोटोंचा विषय कुणी काढला नाही आणि माइक हातात घ्यायची मला हिंमत झाली नाही. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

पावसाळ्यात घाटावर भटकून आलो की एखादा बरा फोटो कॉम्प्युटरच्या वॉलपेपरच्या मापाचा करून मी ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकायचो. ‘एक नंबर’, ‘भारीच’ आणि वर केलेले अंगठे यायचे. मला आवडायचं ते, नाही कशाला म्हणू! तुम्ही मात्र काही न बोलता फोटो लावायचात, आठवडाभर त्याच्यासमोर बसून व्हाउचरं तपासायचात आणि मग जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबायचात.

नाणेघाटाच्या पठारावरून काढलेला जीवधन किल्ला आठवतो? त्याच्या शेजारचा वानरलिंगीचा सुळका डावीकडच्या एक तृतीयांश रेषेवर, फोटोग्राफीच्या पुस्तकात सांगतात तस्साच. तुम्ही मला बोलावून तुमचा स्क्रीन दाखवलात. सुळक्याच्या माथ्यावर रिसायकल बिन, कमरेला ‘टीडीएस फायनल’, पायथ्याशी ‘टीडीएस फायनल नवीन’. ‘भिंतीवर लावायला चोख आहे रे,’ तुम्ही म्हणालात, ‘पण इथे डावी बाजू आमची. शिवाय ढग पांढरे, आयकॉनखालची अक्षरं पांढरी. फाइल शोधायला डोळे बारीक करावे लागतात.’ मी म्हटलं, त्यात काय, उलटा करतो फोटो, सुळका उजवीकडे जाईल. केवढे भडकलात! ‘जीवधन काय आरशात बघायचाय? परत जाशील तेव्हा कॅमेरा जरा डावीकडे वळव.’

विंडोज एक्सपीच्या वॉलपेपरवरच्या त्या हिरव्या टेकडीकडे नीट बघायलाही तुम्हीच शिकवलंत. चार्ल्स ओ’रिअर यांनी १९९६मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात काढलेला फोटो. टेकडी, आभाळ, थोडे ढग, बस्स. मला तो नेहमी जरा मिळमिळीतच वाटायचा. तुमचं म्हणणं, त्यात नजर अडकेल असं काही नाही, म्हणून आयकॉन कुठेही ठेवा, फोटो कुरकुरत नाही. स्पर्धेत असा फोटो पहिल्या फेरीत बाद होईल, हे माझं मत अजून कायम आहे. पण दिवसाचे आठ तास समोर ठेवायला तोच बरा, हे पटलं.

आणि ते कापाकापीचं गणित! माझा कॅमेरा ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो देतो. तो १६:९ (रुंदी:उंची) च्या स्क्रीनवर पूर्ण पसरवला की ६००० बाय ३३७५ उरतो, म्हणजे उंचीतला जवळपास सहावा हिस्सा गेला. उरलेल्यातही खालची पट्टी टास्कबार खातो. ‘वर-खाली हवा सोडून काढ,’ हे तुमचं वाक्य आता शटर दाबताना कानात असतं. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण त्यानंतर काढला, तो चौकटीच्या उजव्या अंगाला आणि बुडाखाली भरपूर फरशी सोडून. एरवी मी रांजणाने चौकट भरून टाकली असती.

फोटोवर मत द्यायला वेळ लागत नाही. तुम्ही आधी तो वापरून बघितलात, आवडो न आवडो, आठवडाभर. माझ्या हौसेला इतक्या गांभीर्याने घरातही कुणी घेतलं नव्हतं. मनापासून आभार.

यंदाचा जीवधन सोबत पाठवतोय. तुमच्या घरचा जुना चौकोनी मॉनिटर अजून चालू असेल म्हणून १२८० बाय १०२४ चा वेगळा काप केला आहे. त्यात सुळक्याचं टोक वरच्या कडेला जरा जवळ आलंय असं मला वाटतं. आठवडाभर लावून बघा आणि फोन करा. काकूंना नमस्कार.

तुमचा,
पलीकडच्या टेबलावरचा