'नियमित' म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजीतलं 'रेग्युलराइज' हे क्रियापद बातमीत आलं की मराठीत सरसकट 'नियमित करणे' छापलं जातं. मी तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. या एका शब्दापायी माणसं कशी गोंधळतात, ते रोज बघतो.

परवा एक आजोबा बंडीच्या खिशातून बातमीचं कात्रण काढून बसले. 'गुंठेवारीतील घरे नियमित होणार' या मथळ्याखाली पेनाने रेघ मारलेली. गुंठेवारी म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेले प्लॉट. "भाऊ, मना प्लॉट आते कायदेशीर व्हयना ना?" प्लॉट बाँडपेपरवर घेतलेला, अर्ज केलेला नाही, पैसे भरलेले नाहीत. मथळा वाचून त्यांना वाटलं, काम झालं. खरं तर त्यासाठी अर्ज करावा लागतो, प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरावा लागतो. शिवाय गुंठेवारी कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने मुदत वाढली ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी. २००१ च्या मूळ कायद्याच्या मराठी नावात 'नियमाधीन करणे' असा नेमका शब्द आहे. नियमाबाहेरचं नियमाखाली आणणं, हा त्याचा अर्थ. 'नियमित' म्हटलं की आपल्याला रोज वेळेवर येणारी एसटी आठवते.

नोकरीच्या बातम्यांत तर हा शब्द जिवाला लागतो. रोजंदारीवरची पोरं 'नियमित' वाचतात आणि 'कायम' समजतात. घरी पेढेसुद्धा येतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी निकालात स्पष्ट केलं आहे, की नेमणुकीच्या प्रक्रियेतली उणीव दूर करणं म्हणजे नियमित करणं; त्यातून नोकरी कायम झाली असा अर्थ निघत नाही. बातमीत हे एका ओळीत सांगता येईल.

'रेग्युलेट' हे क्रियापद पुन्हा वेगळं. भुसावळकरांना ते चांगलं ठाऊक आहे, कारण रेल्वेमार्गाच्या कामासाठी ब्लॉक असेल त्या दिवशी गाडी 'रेग्युलेट' होणार म्हणजे वाटेत थांबवून ठेवणार. तिथेही 'नियमित' छापलं तर प्रवासी गाडी वेळेवर आहे समजून स्टेशनावर जाईल.

माझी कळकळीची विनंती एवढीच, की जमीन आणि बांधकामाच्या बातमीत 'नियमाधीन' छापावं. मथळ्यात एकच अक्षर वाढतं.

आपला,
एक अर्जलेखक, अमळनेर (जि. जळगाव)