हौद दाखवा, पण शेवटचाही

महोदय,

पाहुण्यांना शनिवारवाड्यावर नेलं की ठरलेलं ऐकायला मिळतं: 'काका, मला वाचवा', आनंदीबाईंचा 'ध'चा 'मा' आणि अमावास्येचं भूत. लोकांना खुनाच्या गोष्टी आवडतात, त्याला इलाज नाही. पण त्या वाड्यात आणि भोवतालच्या पेठांत पाणी कुठून यायचं, हेही कोणीतरी सांगावं, आणि पुरतं सांगावं, यासाठी हा पत्रप्रपंच.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून आठ-दहा किलोमीटर लांब शहरात आणलं. पंप वगैरे काही नाही, सगळा खेळ उताराचा. नळ एवढा उंच, की सफाईसाठी माणूस आत उतरून चालू शकेल. हवा कोंडू नये म्हणून जागोजागी उच्छ्वास ठेवलेले. पेठापेठांत हौद बांधले, लोक तिथून पाणी भरत. शुक्रवार पेठेतला काळा हौद, बदामी हौद ही नावं आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत. रविवारी सकाळी लवकर निघालात तर हा सगळा भाग निवांत चालत बघता येतो. दहानंतर मंडईकडे पाय ठेवायला जागा नसते.

मी ऐकलेल्या माहितीत नळाच्या बांधणीचं कौतुक भरपूर असतं आणि ते रास्तच आहे. मात्र गावच्या पाणवठ्यावर अस्पृश्य मानलेल्यांना हात लावायची मुभा नव्हती, हे वाक्य हमखास गळतं. नळ येऊन शंभरावर वर्षं उलटल्यावर, 1868 साली, जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927चा, म्हणजे त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी! शनिवारवाड्यापासून फुलेवाडा चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. अंगणात जोतीरावांची समाधी आहे. तिकडे वळणारे मात्र मोजकेच.

महापालिकेने शनिवारवाड्याबाहेर या पाण्याच्या वाटेचा एक ठसठशीत नकाशा लावावा, प्रत्येक हौदापाशी छोटा फलक बसवावा आणि शेवटचा फलक फुलेवाड्यावर असावा. शाळांच्या सहलीही त्या वाटेने न्याव्यात. गंज पेठेच्या गल्ल्यांत बस शिरणार नाही. मुलांना मंडईपाशी उतरवून पुढे चालवावं लागेल, एवढंच.

– एक वाचक, पुणे